निळ्या दगडाचे नाव काय?

मोरचूद तुम्ही पाहिला असेलच. शाळेच्या प्रयोगशाळेत एखाद्या बरणीत तो असतोच, आणि नाशिककडे द्राक्षबागांत तो चुन्याच्या निवळीत कालवून फवारतात. त्याचा निळा रंग तांब्यामुळे येतो, हेही तुम्ही वाचलेले असते. त्यामुळे डोंगरात किंवा दगडखाणीत एखादा निळा खडा दिसला, की आपण चटकन म्हणून टाकतो, "यात तांबे आहे!"

असे म्हणण्यापूर्वी थोडे थांबायला हवे. सगळे निळे दगड तांब्याचे नसतात. दागिन्यांत आणि जुन्या चित्रांच्या रंगांत वापरला जाणारा लाजवर्द गर्द निळा असतो, पण त्याचा निळेपणा गंधकामुळे येतो. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत सापडणारा एक सुंदर निळा स्फटिक तर व्हॅनेडियम या वेगळ्याच धातूमुळे निळा असतो. त्याच्याकडे आपण शेवटी वळू. बरे, दगडात तांबे आहे हे नक्की ठरले तरी काम संपत नाही. तांब्याची निळी खनिजे अनेक आहेत आणि त्यांतली काही एकमेकांसारखी इतकी दिसतात, की जाणते संग्राहकही फसतात. त्यांच्यातल्या एका दुर्मिळ खनिजाची ही हकीकत आहे. त्याचे नाव लिनॅराइट.

स्पेनच्या दक्षिण भागात लिनारेस नावाचे गाव आहे. शिशाच्या खाणींसाठी ते प्रसिद्ध होते. त्या गावावरून ग्लोकर या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८३९ साली या खनिजाला लिनॅराइट हे नाव दिले. त्याचे स्फटिक पारदर्शक, काचेसारखे चकाकणारे, चपट्या पात्यांसारखे असतात. रंग असा, की दौतीतली निळी शाई गोठून तिचे खडे झाले आहेत असे वाटावे. त्याला एक जुळा भाऊ आहे असे म्हटले तरी चालेल. तो म्हणजे ॲझुराइट. ॲझुराइटचा रंग तसाच, चमक तशीच, आणि तो पुष्कळ ठिकाणी सापडतो. साहजिकच लिनॅराइट हाती आला तरी ‘हा ॲझुराइटच’ असे म्हणून तो बाजूला टाकला जाण्याचा धोका असतो. उलटही घडते. साध्या ॲझुराइटला दुर्मिळ लिनॅराइट समजून मंडळी हुरळून जातात.

दोघांत फरक आहे तो आतल्या घडणीचा. ॲझुराइट हे तांब्याचे कार्बोनेट आहे. लिनॅराइट हे सल्फेट आहे, आणि त्यात तांब्याच्या जोडीला शिसेही आहे. म्हणजे नात्याने पाहिले तर लिनॅराइट मोरचुदाला अधिक जवळचा! मात्र मोरचूद पाण्यात विरघळतो, तसा हा विरघळत नाही.

जमिनीखाली काय घडते?

लिनॅराइट दुर्मिळ का, हे समजण्यासाठी तो कसा तयार होतो ते पाहू. खडकांच्या भेगांत काही ठिकाणी धातूंची खनिजे भरलेली असतात. अशा भरलेल्या भेगेला शीर म्हणतात. समजा, एका शिरेत गॅलेना आहे आणि कॅल्कोपायराइटही आहे. गॅलेना म्हणजे शिसे व गंधक यांचे संयुग, तर कॅल्कोपायराइटमध्ये तांबे, लोखंड व गंधक असतात. शीर खोल असेपर्यंत ही खनिजे लक्षावधी वर्षे तशीच राहतात. पण वरचा खडक झिजून ती पृष्ठभागाजवळ आली, की पावसाचे पाणी आणि त्यातला ऑक्सिजन तिच्यापर्यंत पोचतो. मग गंधकाचे हळूहळू सल्फेट बनते.

तांब्याचे सल्फेट पाण्यात विरघळते, म्हणून ते पाण्याबरोबर पाझरत जाते. शिशाचे सल्फेट जवळजवळ विरघळत नाही. ते जागच्या जागी बसून राहते. आता तांबे घेऊन निघालेले हे पाणी जेथे बदलत चाललेल्या शिशाच्या खनिजाला भेटते, तेथे दोन्ही धातू एकत्र येऊन लिनॅराइटचे निळे स्फटिक धरू शकतात.

पण अट मोठी अवघड आहे. पाण्यात कार्बोनेट फारसे नको. जवळपास चुनखडक असला किंवा शिरेत कॅल्साइट भरपूर असले, की तांब्यापासून हिरवा मॅलॅकाइट किंवा निळा ॲझुराइट होतो आणि शिशापासून पांढरा सेरुसाइट. तयार झालेला लिनॅराइटसुद्धा अशा पाण्यात टिकत नाही. त्याचेही मॅलॅकाइट आणि सेरुसाइट होऊन जाते. कार्बोनेट तर बहुतेक सगळ्या भूजलात थोडेफार असतेच. मग लिनॅराइट विरळा असावा यात नवल नाही.

अशी जागा इंग्लंडच्या वायव्य भागात, कंब्रिया परगण्यात आहे. तेथील लेक डिस्ट्रिक्ट या सरोवरांच्या प्रदेशाच्या उत्तर टोकाला कॉल्डबेक फेल्स नावाचे उघडेबोडके, गवताळ डोंगर आहेत. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, सोळाव्या शतकात, जर्मनीतून कसबी खाणकामगार आणून या भागात तांब्याच्या खाणी चालवल्या गेल्या. पुढे तेथे शिसेही काढले. आज त्या खाणी बंद आहेत. डोंगराच्या उतारावर खाणीतून काढून टाकलेल्या दगडांचे जुने ढीग तेवढे उरले आहेत. यांतल्या रेड गिल नावाच्या खाणीतले लिनॅराइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेले दिसतील. गंमत पाहा, ज्या कामगारांनी हे ढीग रचले त्यांना या निळ्या स्फटिकांचा काही उपयोग नव्हता. त्यांना हवे होते ते वितळवून धातू देणारे धातुक. निळा खडा त्यांच्या लेखी टाकाऊच.

ओळख कशी पटवायची?

आता मुख्य प्रश्न. हातात निळा स्फटिक आहे. तो लिनॅराइट की ॲझुराइट?

प्रथम भिंगातून नीट पाहायचे, पण निळ्या खड्याकडे नव्हे, त्याच्या शेजाऱ्यांकडे. आजूबाजूला करड्या रंगाचा, घनाकार तुकड्यांनी फुटणारा, जड गॅलेना दिसतो का? दिसला तर शिसे जवळ आहे, आणि लिनॅराइटची शक्यता वाढते. नुसताच हिरवा मॅलॅकाइट असेल तर ॲझुराइटची शक्यता जास्त. मात्र ही केवळ शक्यता. माणसाची पारख त्याच्या शेजाऱ्यांवरून करू नये म्हणतात. दगडांच्या बाबतीत ती करावी, पण तिच्यावर विसंबून राहू नये.

मग कठिनता. लिनॅराइट मऊ आहे, मोहजच्या मापाने सुमारे २.५. ॲझुराइट ३.५ ते ४. तांब्याच्या तारेचे टोक सुमारे ३ चे. म्हणजे तारेने लिनॅराइटवर ओरखडा उठेल, ॲझुराइटवर उठणार नाही. वजनातही मोठा फरक आहे. लिनॅराइटचे विशिष्ट गुरुत्व ५.३ च्या आसपास, तर ॲझुराइटचे ३.८. पण खडा मोहरीएवढा असेल आणि दगडाला चिकटलेला असेल, तर वजन करायचे कसे? कस पाहावा, म्हणजे बिनझिलईच्या चिनी मातीवर घासून उमटणाऱ्या रेघेचा रंग पाहावा, तर दोघांचाही निळाच. येथे कसोटी कुचकामी ठरते.

खरा निकाल लागतो तो अम्लाने. स्फटिकाचा टाचणीच्या टोकाएवढा कण काढून काचेच्या पट्टीवर ठेवा आणि त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लाचा एक थेंब सोडा. भिंगातून बघत राहा. कण ॲझुराइटचा असेल तर तो फसफसू लागेल. कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात ते हेच. कण लिनॅराइटचा असेल तर एकही बुडबुडा येणार नाही. थोड्या वेळाने मात्र एक वेगळीच गोष्ट दिसेल. निळा कण पांढरा पडू लागेल! त्यातल्या शिशाचे क्लोराइड बनते, आणि त्या पांढऱ्या संयुगाची साय कणावर धरते.

इतकी सोपी परीक्षा, पण तिच्यातही चकवा आहे. लिनॅराइटला सेरुसाइट किंवा कॅल्साइट चिकटलेले असले तर बुडबुडे त्यांच्यातून येतात, आणि घाईत असलेला परीक्षक दुर्मिळ लिनॅराइटला ॲझुराइट ठरवून मोकळा होतो. म्हणून कण स्वच्छ निवडायचा, आणि बुडबुडे नेमके कोठून निघतात ते पाहायचे. दुसरे असे, की चांगल्या स्फटिकावर अम्ल कधीही टाकू नये. पांढरा पडलेला लिनॅराइट पुन्हा निळा होत नाही.

हा फरक तुम्हाला शाळेतही अनुभवता येईल. शिक्षकांच्या देखरेखीखाली करा. थोडा मोरचूद पाण्यात विरघळवा. त्यातला निम्मा द्राव दुसऱ्या परीक्षानळीत घेऊन त्यात धुण्याच्या सोड्याचा द्राव थेंबथेंब घाला. निळसर हिरवा साका खाली बसेल. हे तांब्याचे कार्बोनेट. तो गाळून घ्या आणि पाच-सहा वेळा स्वच्छ पाण्याने धुवा. आता त्यावर सौम्य अम्ल घाला. साका फसफसेल. पहिल्या नळीतल्या मोरचुदाच्या द्रावात तेच अम्ल घाला. काहीही होणार नाही. तांबे दोन्हींत आहे, पण जोडीदार वेगळा आहे. आता सांगा, साका पाच-सहा वेळा धुवायला का सांगितले? न धुतल्यास त्यात सोडा राहील, आणि सोडाही अम्लात फसफसतो! सेरुसाइटने होणारी फसगत आणि ही फसगत एकाच जातीची आहे.

तांबे आहे की नाही याचीही सोपी परीक्षा आहे. मोरचुदाच्या द्रावात घासून लख्ख केलेला लोखंडी खिळा बुडवा. थोड्याच वेळात त्यावर तांबूस थर चढेल. ॲझुराइटचा कण अम्लात विरघळवून त्यात खिळा ठेवला तरी हाच थर मिळतो. एवढे लक्षात ठेवा, मोरचूद विषारी आहे आणि लिनॅराइटमध्ये शिसे आहे. यांतले काहीही जिभेला लावायचे नाही, स्वयंपाकघरातली भांडी घ्यायची नाहीत, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे.

नाव कळले, पण गाव?

कॉलेजात असताना माझ्याकडे तीन निळे नमुने होते. एक लिनॅराइटचा, आणि दोन ॲझुराइटचे. ॲझुराइटचा एक खडा मध्य प्रदेशातल्या मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीतला, दुसरा दूर मोरोक्कोतला. सुंदर दिसावेत म्हणून मी त्यांना चिकटलेला सगळा दगड कोरून काढला होता. एका सुट्टीत मी तिन्ही खडे धुतले, वर्तमानपत्रावर वाळत घातले, शेजारी त्यांच्या चिठ्ठ्या ठेवल्या आणि पंखा लावला. पुढचे सांगायला नको. चिठ्ठ्या कोठल्या कोठे उडाल्या.

लिनॅराइट मी पाच मिनिटांत शोधून काढला. कण घेतला, अम्लाचा थेंब टाकला, कण पांढरा पडला. पण उरलेल्या दोघांचे काय? दोघेही ॲझुराइट, दोघेही फसफसले. मलाजखंडचा कोणता आणि मोरोक्कोचा कोणता, हे मला आजतागायत कळलेले नाही. सोबतचा दगड असता तर त्यावरून काही अंदाज बांधता आला असता. तोही मीच काढून टाकला होता. खनिजाचे नाव अम्ल सांगते, कठिनता सांगते. ते कोठून आले हे सांगते ती फक्त चिठ्ठी.

माझे नुकसान निष्काळजीपणाचे आणि दोन खड्यांपुरते होते. पण चिठ्ठी कोणी जाणूनबुजून खोटी लिहिली तर? असेही घडले आहे, आणि तेही ज्या कॉल्डबेकची आपण वर ओळख करून घेतली त्या प्रदेशाच्या बाबतीत. आर्थर किंग्सबरी (१९०६–१९६८) हे इंग्लंडमधले नामांकित खनिज-संग्राहक. दुर्मिळ खनिजे ओळखण्यात ते तरबेज होते. कॉल्डबेकच्या खनिजांवर त्यांचे शोधनिबंध प्रसिद्ध झाले होते. ब्रिटनमध्ये पूर्वी कधीही न सापडलेली खनिजे त्यांना एकामागून एक सापडत गेली. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचा मोठा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियममध्ये आला.

इतर संग्राहक त्याच जागी जाऊन शोधत, पण त्यांना तेथे ती खनिजे मिळत नसत. शंका वाढत गेली. अखेर रायबॅक, क्लार्क आणि स्टॅन्ली या तिघांनी संग्रहाची फेरतपासणी केली आणि १९९८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अनेक नमुने चिठ्ठीवर लिहिलेल्या जागेचे नव्हतेच! खनिजांची नावे बरोबर होती, गावे खोटी होती. दुसरीकडून मिळालेल्या नमुन्यांवर ब्रिटनमधल्या जागांची नावे लिहिली गेली होती.

तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय बिघडले? खनिज तर खरे होते ना? पण विचार करा. एखादे खनिज अमुक डोंगरात मिळते असे नोंदले गेले, की त्यावरून भूशास्त्रज्ञ तेथल्या खडकाचा इतिहास जुळवतात. तेथे किती उष्णता होती, कसले पाणी झिरपले, कोणते धातू आले, हे सगळे त्या नोंदीवर उभे राहते. नोंदच खोटी असेल तर ही सारी मांडणी कोसळते. आणखी वाईट असे, की किंग्सबरींनी खरोखर शोधलेले नमुनेही असणारच. पण आता त्यांच्या ज्या नोंदीला दुसऱ्या कोणाचा पुरावा नाही, तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा? खऱ्या खड्यांनाही खोट्यांची शिक्षा भोगावी लागली.

आपल्याकडचेही एक उदाहरण देतो. यात लबाडी नाही, फक्त ढिलाई आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुणे लोहमार्गासाठी भोर घाट फोडला, तेव्हा दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकातून झिओलाइट गटाची अप्रतिम खनिजे बाहेर आली आणि युरोपातल्या संग्रहालयांत पोचली. जुन्या संग्रहांतल्या अशा कित्येक नमुन्यांच्या चिठ्ठीवर नुसते ‘पूना’ एवढेच लिहिलेले आहे. घाटातला नमुनाही पूना, आणि पुढच्या काळात इतर जिल्ह्यांतून आलेला नमुनाही पूनाच! पुण्याचा मान वाढला हे खरे, पण खडा कोणत्या खाणीतला हे कसे कळावे?

आता वाघोलीच्या निळ्या स्फटिकाकडे वळू. त्याचे नाव कॅव्हॅन्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांच्या नावांतली अक्षरे जोडून हे नाव बनवले आहे. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात प्रथम मिळालेल्या या खनिजाचे वर्णन १९७३ साली प्रसिद्ध झाले. पण १९८० च्या दशकाच्या अखेरीस वाघोलीला जे मिळाले त्यापुढे मूळचे नमुने फिके पडले. पांढऱ्याशुभ्र स्टिल्बाइटवर निळ्या सुयांचे गोंडे बसलेले असतात. पाहणाऱ्याला वाटावे, तांबेच! पण खिळ्याच्या परीक्षेत तो नापास होतो, कारण त्यात तांबे मुळीच नाही. तेथेच पेंटॅगोनाइट नावाचा त्याचा भाऊही मिळतो. दोघांचे घटक अगदी तेच, फक्त अणूंची रचना निराळी. म्हणजे येथे अम्लाचा थेंबही उपयोगी नाही. स्फटिकाचा आकारच पाहावा लागतो.

अशा खाणीत जायचे तर मालकाची परवानगी घेऊन, आणि मोठ्या माणसाबरोबर जा. सुरुंगाच्या वेळी तेथे थांबू नका, उभ्या कड्याखाली बसू नका. जुन्या बंद खाणीच्या बोगद्यात तर पाऊलही टाकायचे नाही. कॉल्डबेकचे डोंगर आता राष्ट्रीय उद्यानात येतात आणि तेथे परवान्याशिवाय खनिजे गोळा करता येत नाहीत. हातोडी मारताना डोळ्यांना चष्मा हवा. स्फटिकाच्या भोवतीचा दगड शाबूत ठेवा. तो कुरूप दिसला तरी राहू द्या. प्रत्येक नमुना वेगळ्या कागदात गुंडाळा आणि कागदाच्या आत लगेच, घरी गेल्यावर नव्हे, चिठ्ठी घाला. तारीख, गाव, खाण, खाणीचा कोणता भाग, खडा खडकातच बसलेला होता की खाली पडलेला, आणि तो कोणी उचलला, एवढे तीत हवे. दुकानातून किंवा मित्राकडून मिळाला असेल तर तसे लिहा. नाव नक्की ठाऊक नसेल तर ‘निळे खनिज, तपासायचे आहे’ असे लिहून ठेवा. ते आज ना उद्या कळेल. घरी आल्यावर दगडाच्या न दिसणाऱ्या बाजूला पांढऱ्या रंगाचा लहानसा ठिपका द्या, तो वाळला की त्यावर काळ्या शाईने क्रमांक टाका, आणि त्याच क्रमांकाखाली चिठ्ठीतला सगळा मजकूर वहीत उतरवा. पंखा त्यानंतर लावा.